कण आधी रक्तात घालून बघ

रक्तात सोडायचा नॅनोकण बनवतोयस, तर आकाराचं आधी बघ बाळा. साडेपाच नॅनोमीटरच्या आतला कण मूत्रपिंडातून गाळून लघवीवाटे जातो. त्याहून मोठा असला की बहुतेक वेळा यकृतातल्या कुप्फर नावाच्या गिळणाऱ्या पेशी नाहीतर प्लीहा त्याला धरते. पण तुझा कण किती मोठा, हे पाण्यात मोजून कळत नाही. रक्तात पडला रे पडला की प्रथिनं त्याला चिकटतात, आणि गिळणाऱ्या पेशी तेच पांघरूण ओळखतात.

नांदेडला असताना मी जास्वंदीसारखं लाल सोन्याच्या कणांचं द्रावण मोठ्या ऐटीत सलाईनमध्ये ओतलं. बघता बघता निळं! मिठानं कण एकमेकांना चिकटले होते. महिन्याची मेहनत गेली, वर सरांची बोलणी. म्हणून आधी सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या प्रथिनांच्या पाण्यात, ठेवून मोज.

पेगचा, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरचा, थर दिला की कण रक्तात जास्त वेळ टिकतो. १९९५ साली अमेरिकेत मंजूर झालेलं कर्करोगाचं औषध डॉक्सिल त्याच जोरावर चाललं. तरी पेगवर डोळे झाकून विसंबू नकोस. पहिल्या डोसनंतर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं, मग दुसरा डोस यकृत झटक्यात उचलतं. उंदरांना एकच डोस देऊन थांबलास तर हे दिसणारच नाही.