गूगल फॉर्म पाठवायच्या आधी हे वाच

प्रिय,
(नाव मुद्दाम घालत नाहीये, हे पत्र तुमच्या बॅचच्या ग्रुपवर फिरणार याची मला पूर्ण खात्री आहे.)

तुझं थिसिसचं प्रपोजल वाचलं. विषय एकदम झकास आहे, कंपन्या मॅनेजर-सुपरवायझर लोकांना कम्युनिकेशनचं ट्रेनिंग देतात त्यानंतर कामावर नक्की काय बदलतं. पण मेथडमध्ये काय लिहिलंयस, तर 200 जणांना गूगल फॉर्म, 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असे पाच पर्याय, मग एसपीएसएस (ते आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) आणि मग टेबलं. अगं, माणूस सांगतो काय आणि करतो काय यात जे अंतर पडतं तोच तर तुझा विषय आहे, आणि तू गोळा करणार फक्त सांगणं!

ट्रेनिंगचा इफेक्ट मोजायची जी पद्धत सगळीकडे शिकवतात ती डोनाल्ड कर्कपॅट्रिकची, 1959 ची. चार पायऱ्या: लोकांना आवडलं का, ते काही शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि त्यातून संस्थेला काही मिळालं का. आता बहुतेक कंपन्या काय करतात ते तूही बघितलं असशील, हॉटेलच्या बँक्वेटमध्ये दोन दिवस वर्कशॉप, जेवणात पनीर आणि गुलाबजाम, शेवटी ग्रुप फोटो आणि पाचपैकी किती स्टार त्याचा फॉर्म. म्हणजे पहिल्या पायरीवर सगळे टाळ्या वाजवून घरी. तिसऱ्या पायरीवर कुणी पाय ठेवत नाही, कारण त्याला सोमवारी सकाळी कामाच्या जागी जाऊन उभं राहावं लागतं आणि तेवढा वेळ ना ट्रेनरला असतो ना एचआरला. तुझं संशोधन तिथे असायला हवं.

हे मी कुठून बोलतोय ते सांगतो. अंधेरी एमआयडीसीतल्या एका पॅकिंग युनिटमध्ये (नाव सोड) मी ट्रेनिंगच्या कामाने जायचो. दुपारी तीनला शिफ्ट बदलते, पहिल्या शिफ्टचा सुपरवायझर दुसऱ्याला चार्ज देतो. एक दिवस मी बाजूलाच उभा होतो. पहिला दुसऱ्याला म्हणाला, 'डावीकडचं सील नीट बसत नाहीये रे, सकाळपासून चालूये, दर पंधरा-वीस मिनिटांनी बघत राहा.' दुसऱ्याने मान हलवली. मग पहिल्याने लॉगबुक ओढलं आणि लिहिलं, 'मशीन ओके'. माझ्यासमोर! हा माणूस आमच्याच वर्कशॉपला बसलेला, 'क्लिअर अँड ऑनेस्ट कम्युनिकेशन'वर त्याने मस्त रोल प्ले केला होता आणि फीडबॅकला पाचपैकी पाच दिले होते. नंतर चहाला विचारलं तर हसला, म्हणाला, सर, लिहिलं की मेंटेनन्सवाला विचारणार मशीन बंद का नाही केली, बंद केली असती तर प्रॉडक्शनवाला विचारणार टार्गेटचं काय, तोंडी सांगितलं ना, काम भागलं. त्याला बोलता येत नव्हतं असं अजिबात नाहीये, उलट कुणाला काय सांगायचं आणि कागदावर काय ठेवायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आता याला तुझा फॉर्म दिला असता तर 'मी माझ्या सहकाऱ्यांना माहिती स्पष्टपणे देतो' यावर त्याने 'पूर्ण सहमत'च केलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं!

असं फक्त आपल्याकडे होतं असं समजू नकोस. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग तुम्हाला पहिल्याच सेमिस्टरला असतात, 1924 पासूनचे, दिवे कमी-जास्त करून बघितले वगैरे, आणि परीक्षेपुरतं 'हॉथॉर्न इफेक्ट' (कुणी बघतंय म्हटलं की माणूस वेगळं वागतो) पाठ करून सगळे पुढे जातात. पण तुझ्या कामाचा भाग त्याच्या पुढचा आहे. तिथे वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न होते, सुपरवायझर कसा आहे, जागा कशी आहे, पण लोक उत्तर देता देता भलतीकडेच जायचे, घरचं सांगायचे, जुना राग काढायचे. शेवटी त्यांनी प्रश्नांची यादीच बाजूला ठेवली आणि लोकांना हवं ते बोलू दिलं, मग अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली आणि खरं काय खुपतंय ते बाहेर यायला लागलं. पुढे 1931-32 मध्ये एका खोलीत 14 कामगारांबरोबर एक निरीक्षक नुसता बसवला. त्याला दिसलं की दिवसाला किती काम करायचं हे त्या लोकांनी आपापसात ठरवलेलंय, जो जास्त करेल त्याच्या दंडावर गुद्दा, आणि रोजचा आकडा सारखा दिसावा म्हणून कधी थोडं जास्त सांगायचं कधी थोडं लपवायचं. म्हणजे आमचं लॉगबुकच की!

तू म्हणशील, सर मी जाऊन बसले तर लोक नाटक करतील. करतील ना, पहिले काही दिवस करतीलच. पण कामाचा रेटा असा असतो की नाटक फार टिकत नाही, टार्गेट अंगावर आलं की तुझ्याकडे कोण बघतंय. आणि काय लिहितेस ते कुणी विचारलं तर वही दाखव, लपवलीस की संपलं.

किती जणांना बघायचं याचं टेन्शन घेऊ नकोस. हेन्री मिंट्झबर्ग या मॅनेजमेंटच्या अभ्यासकाने पीएचडीसाठी फक्त पाच मोठ्या अधिकाऱ्यांना एकेक आठवडा जवळून बघितलं, बस, 1973 चं त्याचं पुस्तक त्यावरच उभं आहे. त्यात निघालं की त्यांचा 78 टक्के वेळ बोलण्यात जातो आणि निम्मी कामं नऊ मिनिटंही टिकत नाहीत. तोवर मॅनेजर म्हणजे शांत बसून प्लॅनिंग करणारा माणूस असं वर्गात शिकवायचे! पाच माणसांत त्याने ते चित्र हलवलं. तुझा गाइड सॅम्पल साइजवरून कटकट करेल तेव्हा हे सांग, अर्थात जरा नम्रपणे.

आणखी एक, आकडा हातात आला की लगेच खूश होऊ नकोस. एमी एडमंडसन या संशोधिकेने हॉस्पिटलच्या टीम बघितल्या, औषध देताना कुठे जास्त चुका होतात ते शोधायला. तर ज्या टीम चांगल्या चालतात तिथेच चुका जास्त दिसल्या. उलटंच! मग कळलं की तिथे चुका बिनधास्त सांगितल्या जातात, बाकीच्या ठिकाणी दाबल्या जातात. तेव्हा ट्रेनिंगनंतर लॉगबुकात तक्रारी वाढलेल्या दिसल्या तर ट्रेनिंग फेल असं लिहून मोकळी होऊ नकोस, कदाचित तेव्हाच पहिल्यांदा काहीतरी चालू झालेलं असेल.

मुंबईत एक जास्तीची गोष्ट बघायला मिळते ती सोडू नकोस. मीटिंग इंग्लिशमध्ये, पीपीटी इंग्लिशमध्ये, मिनिट्स इंग्लिशमध्ये, आणि खरं ठरतं ते मीटिंग सुटल्यावर लिफ्टपाशी नाहीतर टपरीवर, हिंदी-मराठीत. जो तिथे थांबत नाही, म्हणजे बऱ्याचदा बाई, जिला 6.12 ची विरार लोकल पकडायची असते, तिला दुसऱ्या दिवशी कळतं की ठरलेलं बदललंय. यावर ट्रेनिंगमध्ये एक स्लाइड नसते. मला विचारशील तर तुझ्या थिसिसचं अर्धं सोनं इथे आहे.

डबेवाल्यांचं उदाहरण मात्र प्रस्तावनेतून काढ. म्हणजे डबेवाल्यांबद्दल मला आदरच आहे, नवा माणूस गटाबरोबर, मुकादमाच्या हाताखाली, फिरत फिरतच शिकतो हे तर तुझ्या विषयाचंच आहे, ते हवं तर ठेव. पण ते 'सिक्स सिग्मा सर्टिफिकेट'वालं (म्हणजे कामात जवळजवळ शून्य चुका असल्याचं) वाक्य काढच. फोर्ब्ज या अमेरिकन मासिकात 1998 ला त्यांच्यावर लेख आला होता, सर्टिफिकेट वगैरे फोर्ब्जने दिलेलं नाही, तरी प्रत्येक पीपीटीत ते फिरत असतं.

आता परवानगीचं. एचआरला मेल टाकताना 'ट्रेनिंगचं मूल्यमापन' असं लिहू नकोस, ज्याने ट्रेनिंगवर पैसे खर्च केलेत तोच परवानगी देणार आहे, त्याला वाटेल तू त्याचंच मार्कशीट काढायला आलीस. 'शिफ्ट बदलताना माहिती कशी पुढे जाते याचा अभ्यास' असं लिही, ते खरंही आहे. कंपनीचं नाव, माणसांची नावं, मशीनचे नंबर कुठेही येणार नाहीत हे लेखी दे आणि पाळ, कारण तो 'मशीन ओके' लिहिणारा माणूस तुझ्या रिपोर्टवरून ओळखू आला तर मेमो त्याला मिळेल, तुला नाही. गूगल फॉर्म करायचाच असेल तर सगळ्यात शेवटी कर, तोवर काय विचारायचं ते तुला कळलेलं असेल.

पहिल्या आठवड्याच्या नोंदी झाल्या की मला पाठव, टाइप करत बसू नकोस, वहीच्या पानांचे फोटो चालतील. बुधवारी दुपारनंतर मी चर्चगेटला असतो, वेळ असेल तर ये.

– सर