गिटार कुठे गेली, भाऊ?

(गाण्यांबद्दल तुमचे प्रश्न. या वेळी तीन पत्रं एकाच अल्बमवर आली, लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडच्या ‘अ थाउजंड सन्स’वर, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.)

प्रश्न : दादा, आमची इंजिनिअरिंगची चार वर्षं लिंकिन पार्कवर निघाली. होस्टेलात ‘हायब्रिड थिअरी’ आणि ‘मेटिओरा’ रात्रंदिवस वाजायचे, ‘नंब’ तर मेसवाल्यालाही पाठ झालं होतं. मग २०१० मध्ये ‘अ थाउजंड सन्स’ आला, मित्राच्या पेन ड्राइव्हवरून घेतला अन् एकदा ऐकून ठेवून दिला. सावजीत जाऊन बसावं आणि ताटात मुगाची खिचडी यावी तसं झालं बे. गिटार नाही, मधेच कोणी भाषण देऊन राहिलं, कुठे रातकिडे किरकिर करून राहिले. आता ऑफिसातला एक पंचविशीतला पोरगा म्हणतो हाच त्यांचा बेस्ट अल्बम आहे. काऊन? माझ्या कानात प्रॉब्लेम आहे की त्याच्या?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : कान दोघांचेही ठीक आहेत, मला डाउट पेन ड्राइव्हवर आहे. त्यावर गाणी ए-बी-सी-डीने लागायची. म्हणजे तुमची सुरुवात ‘ब्लॅकआउट’ने झाली असणार, मग ‘बर्निंग इन द स्काइज’, मग ‘एम्प्टी स्पेसेस’ नावाचा १८ सेकंदांचा तुकडा (तुमचे रातकिडे तिथलेच, मागे लांबून युद्धाचे आवाजही आहेत) आणि त्याला लागून थेट ‘फॉलआउट’, जो खरं तर तेराव्या नंबरवर यायला पाहिजे. अठरा सेकंदांची फाइल पाहून ती करप्ट आहे समजून डिलीट करणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. या अल्बमचं असं केलं की काहीच हाती लागत नाही, कारण तो सुट्ट्या गाण्यांचा अल्बमच नाहीये. एकूण १५ ट्रॅक, त्यातली धड गाणी नऊ, बाकीचे सहा म्हणजे जोडकाम, एक संपायच्या आत दुसरा सुरू होतो, आणि सगळं मिळून पाऊण तासाच्या थोडं वर जातं. पहिल्या ‘द रेक्विएम’मध्ये जे शब्द मशीनमधून काढलेल्या आवाजात येतात तेच चौदाव्या ‘द कॅटॅलिस्ट’मध्ये मोकळे होऊन येतात, आणि ‘बर्निंग इन द स्काइज’चे शब्द ‘फॉलआउट’मध्ये परत येतात. क्रम मोडला की हे सगळं गेलं.

आता गिटारीचं. पहिल्या दोन अल्बमचा (‘हायब्रिड थिअरी’ २०००, ‘मेटिओरा’ २००३) हिशोब सोपा होता, माइक शिनोडा रॅप करणार, मग ब्रॅड डेल्सनची जाड गिटार आणि चेस्टर बेनिंग्टनची किंकाळी एकाच वेळी अंगावर येणार. आपल्या कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये ते इतकं चाललं त्याचं कारणही तेच, दोन गिटार, एक ड्रम आणि एक घसा फोडणारा पोरगा असला की काम झालं. २००७ च्या ‘मिनिट्स टू मिडनाइट’पासूनच त्यांनी हे सोडायला घेतलं होतं, प्रोड्यूसर म्हणून रिक रुबिन तेव्हाच आला होता, पण तिथे सोडता येईना आणि धरवेना असं चाललं होतं. २०१० मध्ये मात्र त्यांनी किंकाळी आणि गिटार यांची जोडीच फोडली. ‘ब्लॅकआउट’ नीट ऐका, चेस्टर जुन्यासारखाच ओरडतो, पण खाली गिटारीची भिंत नाही, कीबोर्डची उड्या मारणारी चाल आहे, जवळजवळ नाचता येईल अशी, आणि त्यामुळे त्या ओरडण्याला टेकायला काही उरत नाही. मला ते जुन्या किंकाळीपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं. गिटार सगळी गेली असंही नाही हं, ‘रेचेस अँड किंग्ज’मध्ये ती चांगली दणकट आहे.

तुमच्या तक्रारीचं उत्तर तर त्यांनी अल्बममध्येच देऊन ठेवलंय. ‘व्हेन दे कम फॉर मी’मध्ये मोठमोठ्या ढोलांच्या ठेक्यावर शिनोडा म्हणतो की एकदा लोकांना थिअरी समजली की त्यांना पुढची गोष्टही पहिल्यासारखीच पाहिजे असते. थिअरी कोणती ते तुम्हाला सांगायला नको. थोडा माजच आहे तो, पण गाणं भारी आहे म्हणून चालतं.

आणि भाषणं उगाच नाहीत. हा अल्बम अणुबॉम्बच्या भीतीवर आहे. ‘द रेडियन्स’मध्ये बोलतो तो माणूस म्हणजे बॉम्ब बनवणाऱ्या टीमचा प्रमुख ओपेनहायमर, तो आवाज १९६५ च्या एका टीव्ही कार्यक्रमातला आहे. सातव्या ट्रॅकचं नाव ‘होर्नाडा देल मुएर्तो’ हे न्यू मेक्सिकोतल्या वाळवंटाचं नाव, १६ जुलै १९४५ ला पहिली अणुचाचणी त्याच भागात झाली. आणि त्या ट्रॅकवर गातात ते शब्द जपानी आहेत! चाचणीच्या जागेचं नाव आणि वर जपानी भाषा, तीन आठवड्यांनी काय झालं ते सांगायला एक शब्दही खर्च केलेला नाही. शिनोडाचे वडील जपानी वंशाचे अमेरिकन, युद्धाच्या काळात अमेरिकेने आपल्याच अशा नागरिकांना छावण्यांमध्ये डांबलं होतं त्यात त्यांचं कुटुंबही होतं, याच्यावर त्याने आधी फोर्ट मायनर या स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये ‘केन्जी’ नावाचं गाणं केलंय. म्हणजे हा विषय त्याला पुस्तकात सापडलेला नाही. पुढे मार्टिन ल्यूथर किंगचं १९६७ चं व्हिएतनाम युद्धाविरुद्धचं भाषण येतं, आणि ते चालू असतानाच त्यांचा आवाज हळूहळू रोबोटचा होत जातो. मला विचाराल तर अख्ख्या अल्बममधली सगळ्यात डार्क जागा हीच, आणि त्यात गाणं नावाचं काही नाहीच.

सगळंच जमलंय असं नाही. ‘इरिडेसंट’ मला जरा गुळगुळीत वाटतं, ‘रोबॉट बॉय’ चढत चढत जातं आणि पोचत कुठेच नाही. तुमच्यासारखे पुष्कळ लोक तेव्हाही नाराज झाले होते. अमेरिकेत अल्बम पहिल्या नंबरवर आला खरा, पण पहिल्या आठवड्यात साधारण २ लाख ४१ हजार कॉप्या गेल्या, त्याच्या आधीच्याच्या ६ लाख २३ हजार गेल्या होत्या. (तेव्हा सगळ्यांचीच विक्री उतरत होती हेही धरा.)

तो पोरगा २०१० मध्ये दहा वर्षांचा असेल. त्याने बहुतेक सगळे अल्बम एकाच वेळी, एकाच ॲपमध्ये पाहिले, कोणता आधी आला, कोणत्याची वाट पाहिली होती हे त्याला माहीतच नाही. तुम्ही तिसरी ‘हायब्रिड थिअरी’ मागत होता, त्याने काहीच मागितलं नव्हतं. तर आता शफल बंद करा, जाहिराती येणार नाहीत असं काही बघा, हेडफोन लावा आणि पहिल्यापासून पंधराव्यापर्यंत एका बैठकीत ऐका. तरीही नाही आवडला तर बिनधास्त खिचडी म्हणा, मग २०१४ चा ‘द हंटिंग पार्टी’ लावा, त्यात गिटार पोटभर आहे.

प्रश्न : नमस्कार. माझा नातू म्हणतो की या इंग्रजी धांगडधिंग्याचं नाव गीतेतून घेतलेलं आहे. हे खरं आहे का? आणि असेल तर हा गीतेचा अपमान नाही का?
— एक ज्येष्ठ वाचक, प्रतापनगर

उत्तर : काका, नमस्कार. नातवाचं बरोबर आहे. अकराव्या अध्यायातला बारावा श्लोक, ‘दिवि सूर्यसहस्रस्य भवेद्युगपदुत्थिता’, हजार सूर्य एकदम आकाशात उगवले तर होईल तेवढं तेज. त्या अणुचाचणीच्या संदर्भात हा श्लोक जगभर सांगितला गेला, आणि तिथून तो या पोरांपर्यंत पोचला. ओपेनहायमर संस्कृत शिकले होते, बर्कलीला आर्थर रायडर नावाच्या प्राध्यापकांकडे, आणि गीता मुळातून वाचायचे. (आपल्याकडे मे महिन्यात एकच सूर्य पुरतो, हजार कशाला पाहिजेत, पण ते सोडा.)

अपमानाचं म्हणाल तर मला तसं वाटत नाही. तुमच्या घरी विनोबांची ‘गीताई’ असेलच, अकरावा अध्याय परत काढून बघा, त्यात अर्जुन आनंदाने नाचत नाहीये, थरथर कापतोय, आणि शेवटी हात जोडून म्हणतो की देवा, हे नको, तुझं आधीचंच रूप दाखव. या अल्बममध्ये तीच भीती आहे, फक्त समोर देव नाही, माणसाने केलेला बॉम्ब आहे. गंमत अशी की अल्बम ऐकून बँडचे चाहतेही अर्जुनासारखंच म्हणाले, आधीचंच रूप दाखवा! नातवाला सांगा की ‘द रेडियन्स’ हा एक मिनिटाचा ट्रॅक तुम्हाला ऐकवायचा, त्यात धांगडधिंगा नाही, ओपेनहायमर स्वतः गीतेचं नाव घेऊन बोलतात. ‘ब्लॅकआउट’ मात्र त्याला त्याच्या खोलीतच ऐकू द्या.

प्रश्न : सर, गॅदरिंगला आम्हाला ‘द कॅटॅलिस्ट’ करायचं आहे. दोन गिटार, बेस, ड्रम्स आणि दोन सिंगर आहोत, कीबोर्डवाला नाही. जमेल का? प्लीज लवकर सांगा, प्रॅक्टिस सुरू करायची आहे.
— एक विद्यार्थिनी, हिंगणा रोड

उत्तर : कीबोर्डशिवाय नको. ते गाणं सिंथवरच (म्हणजे कीबोर्डच्या इलेक्ट्रॉनिक आवाजांवर) उभं आहे, गिटार मागून येते. तुम्ही ते दोन गिटारांवर ओढायला गेलात तर पहिली दोन मिनिटं स्टेजवर नुसते उभे दिसाल, आणि ड्रमरची स्पीड चुकली की शेवटचा संथ भाग येईपर्यंत सगळ्यांची दमछाक. एकतर सिंथचा ट्रॅक लॅपटॉपवर तयार करा आणि ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे ठेका धरायची टिकटिक, द्या (हे रंगीत तालमीला नाही, आजपासून), नाहीतर गाणं बदला. ‘इरिडेसंट’ घ्या. वर मी त्याला गुळगुळीत म्हटलंय खरं, पण त्याच्या शेवटाकडे सगळा बँड मिळून गातो, तुम्ही सहा जण आहात, हॉलमधली पोरंही धरतील. आणि तुमच्यात एखादीचा आवाज खरंच खडा असेल तर ‘द मेसेंजर’ करा, त्याला अकूस्टिक गिटार आणि गळा एवढंच मुख्य लागतं. पण तिथे लपायला जागा नाही, म्हणून आधी सूर कोणाचा पक्का आहे ते ठरवा, भांडण झालं तर मला मधे घेऊ नका.