नवा स्मार्ट एसी घेतलाय? नोंदी आपल्या हातात ठेवा

भाऊ, जळगावच्या उन्हाळ्यात एसी घेतलात, बरं केलंत. स्मार्ट एसी मोबाइलच्या ॲपला जोडलेला असतो; किती वेळ चालला, किती वीज खाल्ली याच्या नोंदी तिथे जमतात. त्या हातात राहाव्यात म्हणून सुरुवातीला दोनच गोष्टी पक्क्या करा.

१. ॲपचं खातं स्वतःच्या नंबरवर काढा. बसवायला आलेला मुलगा घाईत स्वतःच्या मोबाइलवर नोंदणी करतो आणि निघून जातो. माझं तसंच झालं. एसी माझ्या भिंतीवर आणि चार महिन्यांच्या नोंदी दुसऱ्याच्या खात्यात! शेवटी रिसेट करावा लागला, जुनं सगळं गेलं.

२. दर महिन्याला नोंदी उतरवून घ्या. ॲपमध्ये ‘एक्स्पोर्ट’ असेल तर सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारा तक्ता), नाहीतर विजेचे युनिट दाखवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट. महावितरणच्या बिलाशी ताडायला आणि वॉरंटीच्या वेळी हेच कामी येतं.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक परवानगीला ‘हो’ म्हणणं. एसीला तुमचे कॉन्टॅक्ट कशाला हवेत?

हक्काचं म्हणाल तर युरोपीय संघात १२ सप्टेंबर २०२५ पासून डेटा कायदा लागू आहे. इंटरनेटला जोडलेल्या उपकरणाचा डेटा वापरणाऱ्याला मिळायलाच हवा, असं तो सांगतो. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय, पण तो वैयक्तिक माहितीपुरता. म्हणून पुढचं उपकरण घेताना दुकानातच विचारा, नोंदी बाहेर काढता येतात का?

घरचा सर्व्हर, म्हणजे नोंदी घरच्याच संगणकावर साठवणं वगैरे, नंतर बघू. आधी एक उन्हाळा नोंदी जमवा. धुळ्याला आलात तर फाइल घेऊन या, सोबत बसून पाहू.