राजा आर्थर खरंच होऊन गेला का? आणि अभ्यास कुठून सुरू करावा?

ब्रिटनच्या दंतकथांमधल्या या राजाबद्दल ठोस पुरावा नाही. सहाव्या शतकात गिल्डास नावाच्या साधूने ब्रिटनची दैना लिहून ठेवली, त्यात बॅडनची (ब्रिटनवासीयांनी सॅक्सन आक्रमकांविरुद्ध जिंकलेली) लढाईही आहे, पण आर्थरबद्दल चकार शब्द नाही. त्याच्या लढाया सापडतात त्या थेट ८३० च्या आसपासच्या एका लॅटिन इतिहासात. तिथे तो राजा नाही, सेनानायक आहे, आणि बॅडनला एकट्याने ९६० माणसं लोळवतो! यावरून काय ते समजा.

माझ्या मते ‘खरा की खोटा’ यात अडकण्यापेक्षा कोणती गोष्ट कथेत कधी घुसली ते शोधणं जास्त मजेचं आहे. राजा म्हणून त्याचं सविस्तर चरित्र ११३० च्या दशकात जेफ्री ऑफ मॉन्मथने रचलं. आर्थरच्या सरदारांचं गोलमेज ११५५ मध्ये कवी वासने आणलं. आर्थरची राणी आणि त्याचा सरदार लॅन्सलॉट यांचं प्रेमप्रकरण फ्रेंच कवी क्रेतिएँ द त्र्वाचं. ग्रेल, म्हणजे सरदार ज्याच्या शोधात निघतात ते पात्र, तेही त्याच्याच अपुऱ्या राहिलेल्या काव्यातलं, आणि तिथे ते येशूचा प्याला वगैरे नसून मेजवानीत फिरवलं जाणारं एक ताट आहे. येशूच्या प्याल्याशी नातं नंतर चिकटलं.

इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरी मठातल्या कबरीवर फार विसंबू नका. मठ ११८४ मध्ये जळाला, बांधकामाला पैसा हवा होता, आणि ११९१ मध्ये साधूंना नेमकी आर्थरची कबर ‘सापडली’.

वाचायला आधी जेफ्री, मग क्रेतिएँ घ्या. दोघांचेही इंग्रजी अनुवाद सहज मिळतात. या कथा इंग्रजीत एकत्र सांगणारा मॅलरी (छापील १४८५) शेवटी.