आजोबांच्या ट्रंकेतील खंजीर

प्रश्न : माझे आजोबा मराठा पलटणीतून १९४४ साली इटलीच्या आघाडीवर होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत चामडी म्यानासह एक निमुळता, दुधारी खंजीर सापडला. पाते साधारण सात इंचांचे आहे आणि मुठीवर ओळीने गोल कडी आहेत. जुन्या वस्तूंचे एक व्यापारी म्हणतात की, हा ‘पहिल्या नमुन्याचा कमांडो खंजीर’ असून ते तो चकचकीत करून देतील. हे खरे आहे का? तो घरात ठेवण्यास परवाना लागतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : खंजीर चकचकीत करण्यासाठी कोणाच्याही हाती देऊ नका, हे आधी सांगतो. वर्णनावरून हा फेअरबर्न-साइक्स पद्धतीचा खंजीर दिसतो. शांघायच्या पोलीस दलात काम केलेल्या विल्यम फेअरबर्न आणि एरिक साइक्स या दोघांनी १९४० च्या अखेरीस लंडनच्या विल्किन्सन या तलवारी घडवणाऱ्या कंपनीकडून तो बनवून घेतला आणि १९४१ च्या आरंभी त्याचे पहिले नग कमांडोंना मिळू लागले. पहिल्या नमुन्यात मुठीपुढची आडवी पट्टी इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळलेली असते, पात्याच्या बुडाशी चौकोनी सपाट भाग असून त्यावर कंपनीचे आणि खंजिराचे नाव कोरलेले असते, आणि पितळी मुठीवर बारीक चौकटींची खरखरीत नक्षी असते. दुसऱ्या नमुन्यात ती पट्टी सरळ झाली आणि सपाट भाग गेला, मूठ मात्र तशीच खरखरीत राहिली. कड्यांची, मिश्रधातूची ओतीव मूठ आली ती १९४३ च्या सुमारास, तिसऱ्या नमुन्यात. म्हणजे मुठीवर कडी असताना ‘पहिला नमुना’ म्हणणे एक तर अज्ञान आहे किंवा धंदा.

तिसऱ्या नमुन्याची अडचण अशी की, तो युद्धानंतरही इंग्लंडातल्या शेफील्ड शहरात बनतच राहिला, त्यामुळे आकार जुळला एवढ्यावरून युद्धकाळ सिद्ध होत नाही. भिंगाखाली आडवी पट्टी पाहा. तेथे ब्रिटिश सरकारी मालाची बाणाची खूण असेल तर ती जमेची बाजू, पण असल्या खुणा मागाहूनही ठोकल्या जातात. ‘इंग्लंड’ असा शब्द असेल तर खंजीर बहुधा युद्धोत्तर आहे. शिवाय हे हत्यार मुख्यतः कमांडो, छत्रीधारी सैनिक आणि गुप्त कामगिरीवरील माणसांसाठी होते. पायदळातील जवानाकडे ते अदलाबदलीत येऊ शकते, पण आठवणीखेरीज पुरावा हवा. आजोबांचे सेवापुस्तक, जुने फोटो, पत्रे त्याच ट्रंकेत असतील, तर ती खंजिराइतकीच मोलाची माना. संग्राहकाने पैसे वस्तूला द्यावेत, तिच्याबरोबर सांगितल्या जाणाऱ्या कहाणीला नव्हे.

जपणुकीविषयी माझीच एक चूक सांगतो. एक पितळी मुठीचा खंजीर मी पावसाळाभर म्यानातच ठेवला; गणपतीत काढला तेव्हा मूठ चामड्याला टेकत होती तेथे हिरवा, चिकट कळंक चढला होता आणि पात्यावर म्यानाच्या शिवणीची रेघ गंजाने उमटली होती. कमावलेल्या चामड्यातील आम्ल आणि ओल यांचा हा प्रताप. म्हणून पाते व म्यान वेगळे ठेवा, पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवा आणि पॉलिश पेपर, चिंच किंवा पितळ उजळण्याची पावडर लावू नका, कारण काळानुसार चढलेली काळसर झाक एकदा गेली की वस्तूची किंमतही घसरते.

परवान्याचे म्हणाल, तर शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या खंजिरांचा उल्लेख आहे आणि त्यांनाही परवाना लागतो तो अधिसूचित, म्हणजे सरकारने त्यासाठी जाहीर केलेल्या, क्षेत्रात. आपले पाते त्या मापात बसत नाही, तरी पट्टीपासून टोकापर्यंत नीट मोजा आणि स्थानिक पोलीस ठाण्यात एकदा विचारून घ्या. जमावबंदी किंवा शस्त्रबंदीचा आदेश असताना मात्र तो घेऊन बाहेर पडू नका, मग कोणा जाणकाराला दाखवायचा असला तरीही. त्यासाठी स्वच्छ उजेडात काढलेले दोन्ही बाजूंचे फोटो पुरतात.