वापीला पेट्रोल ठाण्यापेक्षा नऊ रुपयांनी स्वस्त का मिळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही घोडबंदर रोडला राहता, बहीण वापीला असते. तिच्याकडे गेलात की तिथल्या पंपावर पेट्रोल आपल्यापेक्षा नऊ रुपयांनी स्वस्त दिसतं. कंपनी तीच, पेट्रोल तेच, रिफायनरी तर आपल्या चेंबूरला. मग ठाण्याचा पंपवाला जास्त घेतो का? येताना टाकी भरून आणणं परवडतं का? आणि अमेरिकेतला तुमचा भाऊ म्हणतो की तिकडेही राज्याराज्यात भाव वेगळे असतात, ते खरं का?

पंपवाल्याचा यात काही दोष नाही. भाव तो ठरवत नाही. रोज सकाळी सहाला कंपनीकडून आलेला भावच त्याला लावावा लागतो. त्याला लिटरमागे चार रुपयांच्या आसपास कमिशन मिळतं आणि त्यातच त्याला पोरांचे पगार, वीजबिल, कार्डमशीनचा खर्च असं सगळं भागवावं लागतं.

मी तुर्भ्याच्या मार्केटमधून भाजीपाला वाहतो. तीन पिकअप आहेत. डिझेल हा माझा सगळ्यात मोठा खर्च, त्यामुळे पंपाच्या पावत्या मी वर्षानुवर्षं वहीत चिकटवत आलोय आणि हा हिशोब मला रोजच करावा लागतो. खालचे भाव आणि करांचे दर २०२५ सालचे आहेत. ठाणे, नवी मुंबई आणि मुंबईत काही पैशांचाच फरक असतो, म्हणून मुंबईचा भाव धरतो.

पेट्रोल १०३ रुपये ५० पैसे. महाराष्ट्राचा कर दोन भागांत आहे: २५ टक्के व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीवरचा कर, आणि वर लिटरमागे सरळ ५ रुपये १२ पैसे. आता उलटं गणित करा. १०३.५० मधून ५.१२ वजा केले की राहिले ९८.३८. त्याला १.२५ नं भागलं की ७८ रुपये ७० पैसे. राज्याचा कर लागण्याआधी आपल्या पंपावरचं पेट्रोल एवढ्याचं असतं. बाकीचे २४ रुपये ८० पैसे राज्याचे.

आता गुजरात. अहमदाबादला पेट्रोल साडेचौऱ्याण्णवच्या आसपास होतं, वापीचा भाव त्याच्या जवळपासच असतो. गुजरातचा व्हॅट १३.७ टक्के, आणि व्हॅट धरून जी रक्कम होते तिच्यावर पुन्हा ४ टक्के सेस, म्हणजे उपकर. दोन्ही मिळून सव्वाअठरा टक्के पडतात. तसंच उलटं गणित केलं तर कराआधीचा भाव ८० रुपयांच्या जवळ येतो आणि राज्याचा कर साडेचौदा रुपयांच्या आसपास.

म्हणजे कराआधी गुजरातचं पेट्रोल आपल्यापेक्षा रुपया-सव्वा रुपयानं महागच आहे. चेंबूर-माहुलच्या दोन रिफायनऱ्या जवळ असल्याचा फायदा आपल्याला मिळतो, पण तो एवढाच. पुढे राज्याच्या करात दहा रुपयांचा फरक पडतो आणि तो फायदा त्यात बुडून जातो. तुम्हाला दिसतात ते नऊ रुपये तिथून आले.

दिल्लीचंही तसंच. तिथे पेट्रोल ९४ रुपये ७७ पैसे, व्हॅट १९.४ टक्के. डिसेंबर २०२१ पर्यंत तिथे ३० टक्के होता. तो खाली आणला त्या एका दिवसात लिटरमागे आठ रुपयांच्या वर भाव उतरला होता. कच्चं तेल, डॉलर, यातलं काहीही त्या दिवशी हललं नव्हतं. व्हॅटच्या टक्क्यांची दोन टोकं बघायची असतील तर तेलंगणात ३५.२ टक्के व्हॅट, हैदराबादला पेट्रोल १०७ रुपये ४६ पैसे, आणि अंदमानात १ टक्का व्हॅट, भाव ८२ रुपये ४६ पैसे. एकाच देशात, एकाच दिवशी, बरोबर २५ रुपयांचं अंतर.

वाहतूक खर्चानं फरक पडतोच. आपल्याच राज्यात परभणीला पेट्रोल नेहमी चढं असतं, कारण तिथे टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोतून जातो. पण तो फरक राज्याराज्यांच्या करातल्या फरकाएवढा मोठा नसतो.

लोक बहुतेक वेळा इथेच थांबतात आणि सगळं राज्याच्या माथी मारतात. ते बरोबर नाही. ७८ रुपये ७० पैशांच्या पोटातच केंद्राचं उत्पादन शुल्क बसलेलं आहे: एप्रिल २०२५ मधल्या वाढीनंतर पेट्रोलवर लिटरला २१ रुपये ९० पैसे, डिझेलवर १७ रुपये ८० पैसे. हे देशभर सारखं, म्हणून राज्याराज्याची तुलना करताना ते डोळ्यांआड होतं. केंद्र आणि राज्य दोघांचं मिळून ४६ रुपये ७० पैसे होतात. तुम्ही ५०० चं पेट्रोल टाकलंत तर त्यातले सव्वादोनशे रुपये कराचे.

आणि राज्याचा व्हॅट केंद्राच्या शुल्कावरही लागतो. २१.९० चे २५ टक्के म्हणजे जवळजवळ साडेपाच रुपये. हा करावरचा कर. त्यामुळे केंद्रानं शुल्क वाढवलं की राज्याची कमाई काही न करता वाढते, आणि केंद्रानं कमी केलं की आपोआप घटते. मे २०२२ आठवतोय? केंद्रानं पेट्रोलवरचं शुल्क ८ रुपयांनी कमी केलं आणि पाठोपाठ राज्यानं २ रुपये ८ पैशांची कपात जाहीर केली. तेव्हा आपल्याकडे व्हॅट २६ टक्के होता. ८ रुपयांचे २६ टक्के काढा, उत्तर २ रुपये ८ पैसेच येतं. डिझेलवर केंद्रानं ६ रुपये सोडले होते, दर २४ टक्के, आणि राज्याची कपात १ रुपया ४४ पैसे. तेही तंतोतंत जुळतं. राज्यानं स्वतःच्या हातानं सोडलेले पैसे म्हणजे त्याच वर्षी जुलैत पेट्रोलवर कमी केलेले ५ रुपये आणि डिझेलवरचे ३. २०२५ मध्ये जे ५.१२ भरत होतो ते त्या कपातीआधी १०.१२ होते, आणि जून २०२० च्या आधी ८.१२. या लिटरमागच्या अधिभारात २०१५ च्या दुष्काळाचे दोन रुपयेही येऊन मिसळले होते. दुष्काळ गेला, पाऊस चांगला झाला, तरी वसुली पुढे चालूच राहिली. मला याचा आजही राग येतो, कारण दुष्काळासाठी म्हणून लोक कुरकुर न करता पैसे देतात. तो विश्वास जपायला हवा होता.

आता आपल्या भागाची एक गोष्ट, जी ठाणे-नवी मुंबईतल्या खूप जणांना माहीतच नसते. ३० जून २०२४ पर्यंत महाराष्ट्राच्या आतही दर एक नव्हता. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत पेट्रोलवर २६ टक्के, राज्याच्या बऱ्याच भागात २५. डिझेलवर आपल्याला २४ टक्के, तिकडे २१. बेलापूर नवी मुंबई महापालिकेत, आणि टेकडीच्या पलीकडे खारघर-कळंबोली पनवेल महापालिकेत. पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर डिझेल सव्वादोन रुपयांनी उतरायचं.

मंचरहून माल घेऊन आमची गाडी एक्स्प्रेस वेनं यायची, ती कळंबोलीला टाकी फुल्ल करूनच पुढे निघायची. ड्रायव्हरला मीच तसं सांगून ठेवलं होतं. एका पहाटे तिथे ट्रकची रांग लागलेली. हा पाऊण तास उभा राहिला, आणि मागे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या. गाडी गाळ्यावर लागेपर्यंत चांगलं गिऱ्हाईक उठून गेलं होतं आणि ताडपत्री काढली तर खालच्या जुड्या गरम झालेल्या. चाळीस लिटरमागे नव्वद रुपये वाचले. मेथीत त्याच्या कितीतरी पट गेले, आणि ते पैसे माझे नव्हते, मंचरच्या त्या शेतकऱ्याचे होते. त्या दिवसापासून मी गाडीला रांगेत थांबायला सांगणं बंद केलं आणि जास्तीचे सव्वादोन रुपये गुपचूप भरत राहिलो. तीन गाड्यांना महिन्याला दीड हजार लिटर लागतं, म्हणजे तीन हजारांच्या वर रक्कम फक्त हद्दीच्या अलीकडे भरलं म्हणून जायची. १ जुलै २०२४ पासून आपला दर बाकी राज्याच्या बरोबरीला आणला. पेट्रोल ६५ पैशांनी उतरणार अशी बातमी झाली आणि लोक विसरले. माझ्यासाठी डिझेलचे ते दोन रुपये फार मोठे होते.

राज्यं हा कर सोडत का नाहीत, हेही समजून घ्यायला हवं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा राज्यांच्या हातातले बहुतेक कर त्यात गेले. कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन आणि नैसर्गिक वायू बाहेर ठेवले. घटनेत अशी तरतूद आहे की जीएसटी कौन्सिल शिफारस करेल त्या तारखेपासून ते आत येतील. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि ही वेळ नाही म्हणून बाजूला पडला. राज्याला हवा तेव्हा वर-खाली करता येईल असा मोठा कर म्हणजे इंधन, दारू आणि मुद्रांक शुल्क, फार तर गाड्यांवरचा कर. त्यात केंद्राच्या २१ रुपये ९० पैशांपैकी राज्यांसोबत वाटून घ्यायचं मूळ शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. बाकी सगळं विशेष शुल्क आणि सेस, त्यात राज्यांचा वाटा नाही. त्या १.४० चे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे, आणि तेही सगळ्या राज्यांत मिळून. हे कळल्यावर राज्यावरचा माझा राग निम्मा झाला.

पण माझ्यासारख्याचं दुखणं वेगळंच आहे. जीएसटीबाहेर असल्यामुळे डिझेलवर भरलेल्या कराची वजावट कुठेच मिळत नाही. तो भाड्यात चढतो, भाड्यातून कांद्यात, आणि शेवटी वर्तकनगरला किंवा कोपरखैरण्याला पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईकडून वसूल होतो. तिच्या घरी गाडी नसली तरी ती हा कर भरते. पंपाच्या पावतीवर फक्त दर, लिटर आणि रक्कम छापलेली असते. केंद्राचं किती, राज्याचं किती, पंपाचं किती, या तीन ओळी तिथे छापल्या पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. विजेच्या बिलावर अशी फोड असते. इथेही अवघड काही नाही.

अमेरिकेबद्दल तुमचा भाऊ खरं सांगतोय. तिथे केंद्राचा कर गॅलनला १८.४ सेंट आहे आणि तो १९९३ पासून वाढलेला नाही. गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या वर. राज्यं त्यावर आपला कर लावतात: अलास्कात गॅलनला ९ सेंटांच्या आसपास, कॅलिफोर्नियात २०२५ मध्ये ६१ सेंटांच्या वर. कॅलिफोर्निया महाग असण्याला कराखेरीज तिथल्या वेगळ्या प्रतीच्या पेट्रोलचंही कारण आहे. आपल्यात आणि त्यांच्यात मोठा फरक असा की तिकडचा कर बहुतेक ठिकाणी गॅलनमागे ठरलेल्या सेंटांत असतो. तेल महागलं म्हणून तो वाढत नाही. आपल्या राज्यांचा टक्क्यांत असतो, म्हणून तेल महागलं की करही महागतो. भावाला सांगा, त्याच्या ठरावीक सेंटांसारखं आपल्या राज्याच्या करात फक्त ते ५ रुपये १२ पैसे आहेत.

आता टाकीचं. मुद्दाम पेट्रोल भरायला म्हणून वापीला जाऊ नका. ठाण्याहून जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर होतात, पंधराच्या ॲव्हरेजनं वीस लिटर जळतं, टोल वेगळा, आणि ३५ लिटरची टाकी भरून वाचणार तीनशे-सव्वातीनशे रुपये. पण बहिणीकडे जाणारच असाल तर ठाण्यातून निघताना जाण्यापुरतंच टाका आणि परतताना भिलाडच्या आधी फुल्ल करा. पुढे तलासरी लागली की महाराष्ट्राचा भाव सुरू होतो. कॅनमध्ये भरून मात्र आणू नका, उन्हात डिकीत पेट्रोल ठेवणं जिवावर बेतू शकतं.

डिझेलची गाडी असेल तर यातलं काहीच करायची गरज नाही. गुजरातचा डिझेलवरचा व्हॅट पेट्रोलपेक्षा जास्त, १४.९ टक्के आणि वर तोच ४ टक्के सेस. आपला २१ टक्के, पण ५.१२ सारखी वरची रक्कम डिझेलवर नाही. २०२५ मध्ये मुंबईत डिझेल ९० रुपये ३ पैसे आणि अहमदाबादला ९० रुपयांच्या थोडं वर. वापीला जाणाऱ्या माझ्या गाड्या आता तुर्भ्यातूनच टाकी भरून निघतात.