खऱ्या घटनेवरून कादंबरी आणि मग सिनेमा होताना नेमकं काय बदलतं?

सर्वांत जवळचं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचं. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी 1959 ची, त्यावरचा सिनेमा 1963 चा. फकिरा हा इंग्रजी अमलाशी झुंजलेला खरा माणूस, अण्णा भाऊंच्याच नात्यातला.

सरकारी कागदात अशा माणसाची नोंद 'दरोडेखोर' एवढीच होते. त्यानं ते का केलं, हे लोकांच्या आठवणीत राहतं. कादंबरी उभी राहते ती या 'का'वर, आणि माझ्या मते तिचं खरं बळही तेच. सिनेमाला मात्र वेळ मोजून मिळतो. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. म्हणून दोन-तीन पात्रांचं एक होतं, मनातले विचार कृतीतून दाखवावे लागतात. घाईत दुष्काळ, उपासमार ही कारणं कापली की उरते नुसती मारामारी. तिथंच रूपांतर फसतं.

जुने कागद शोधणार असाल तर साताऱ्याच्या नावाखाली बघा. सांगली भागाचा वेगळा जिल्हा 1949 मध्ये झाला, तोही 'दक्षिण सातारा' नावानं. सांगली हे नाव 1960 चं.

कादंबरीवर सिनेमा करायचा तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी हवी. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतो.